कॉयरमध्ये गाताना : श्वास, आवाज आणि काळजी

रविवारी सकाळी विहारात वंदना सुरू झाली की एक गोष्ट लक्ष देऊन पाहा. त्रिशरण म्हणताना सगळे एकाच ठिकाणी थांबतात, एकाच वेळी श्वास घेतात आणि पुन्हा एकत्र सुरू करतात. हे कोणी वेगळे बसवून शिकवलेले नसते. लहान मूल आजीच्या मांडीवर बसून ऐकते आणि शाळेत जायच्या आधीच त्याला दम कुठे घ्यायचा ते कळलेले असते. गोरेगावच्या सिद्धार्थ नगरात, भगतसिंग नगरात, संतोष नगरात, जिथे जिथे आपली वस्ती आणि वस्तीत विहार आहे, तिथे हे दर आठवड्याला घडते.

या पानावर आपण नेहमी रक्तदाब, मधुमेह, पावसाळ्यातले ताप यांविषयी वाचतो. या वेळचा विषय ऐकून काही वाचक हसतील. विषय आहे पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत गाणाऱ्या हौशी कॉयरमध्ये सामील होणे. पण आपली मुले-मुली आता कॉलेजात, नोकरीत नाना तऱ्हेच्या लोकांत मिसळतात. एखाद्या मित्राबरोबर कार्यक्रम ऐकून येतात आणि घरी विचारतात, "मीही जाऊ का?" मग घरातून तीन प्रश्न येतात. हे आपले आहे का? याचा उपयोग काय? आणि छातीला, घशाला काही होणार तर नाही ना? तिसरा प्रश्न बहुधा आजी विचारते. आरोग्याच्या पानासाठी तोच सर्वांत मोलाचा आहे.

आधी ही गोष्ट काय आहे ते पाहू. अशा गटाला 'चेंबर कॉयर' म्हणतात. चेंबर म्हणजे खोली. मोठ्या सभागृहातल्या शे-दीडशे गायकांच्या ताफ्याऐवजी पंधरा-वीस, फार तर तीस-चाळीस माणसांनी मिळून, बहुतेक वेळा वाद्यांशिवाय गायचे हे गाणे. दहा बाय बाराच्या खोलीत आयुष्य काढलेल्या आपल्या लोकांना हे नाव परके वाटू नये. आपल्या वंदनेत सगळे एकच चाल म्हणतात. स्त्रियांचा आवाज वरच्या पट्टीत आणि पुरुषांचा खालच्या, एवढाच फरक. कॉयरमध्ये मात्र एकाच वेळी चार वेगवेगळ्या चाली चालतात. स्त्रियांचा उंच आवाज सोप्रानो, खालचा आल्टो, पुरुषांचा उंच आवाज टेनर आणि खर्जातला बास. चारही चाली एकमेकींत अशा बसवलेल्या असतात की ऐकणाऱ्याला एकच भरलेला नाद ऐकू येतो. अवघड भाग उंच स्वर लावण्याचा नाही. शेजारचा माणूस वेगळे गात असताना आपली चाल न सोडणे, आणि तरी त्याचे ऐकत राहणे, हे अवघड आहे.

मुंबईत या गाण्याची परंपरा जुनी आहे. आकाशवाणीत काम केलेल्या व्हिक्टर परांज्योती यांनी १९५६ साली परांज्योती अकॅडमी कोरस सुरू केला. त्यांच्या पश्चात १९६७ पासून कूमी वाडिया यांनी त्याचे संचालन हाती घेतले. देशात कॉयरचे संचालन करणाऱ्या पहिल्या स्त्रियांमध्ये त्यांचे नाव आदराने घेतात. या कोरसने युरोपातल्या रचनांबरोबर भारतीय भाषांतली गाणीही चार आवाजांत गायली. परांज्योतींनी स्वतः रचलेले 'द्रविडियन डिथिरॅम्ब' तर परदेशांतल्या कॉयरांनीही गायले आहे. हौशी कॉयरमध्ये पोटापाण्याचे काम वेगळे असते आणि संध्याकाळी तालीम असते. आपले जलसेही असेच उभे राहिले. भीमराव कर्डकांच्या काळापासून दिवसा काम आणि रात्री जलसा, हेच चालत आले आहे.

'हे आपले आहे का' या प्रश्नाला बाबासाहेबांचे उदाहरण पुरेसे आहे. देशाच्या कामाचा एवढा डोंगर डोक्यावर असताना, वय झालेले आणि तब्येत साथ देत नसताना ते व्हायोलिन शिकत होते. ते वाद्य कोणाचे, कुठल्या देशातले, हा प्रश्न त्यांना पडला नाही. विद्या कोणाच्या मालकीची नसते हे ज्यांनी आपल्याला शिकवले, त्यांच्या घरातच हा प्रश्न पडावा, याचे मला थोडे नवल वाटते.

एक खरी अडचण मात्र आहे, ती झाकून ठेवू नये. या संगीताचा मोठा भाग चर्चसाठी लिहिलेला आहे. मोझार्टचे 'रेक्विएम' म्हणजे मृतांसाठीची ख्रिस्ती प्रार्थना, लॅटिन भाषेत. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातल्या मुलीने ती गावी का? माझे मत असे की गाणे म्हणजे दीक्षा घेणे नव्हे. नाटकात राजाचे काम करणारा माणूस राजा होत नाही. पण ज्या शब्दांचा अर्थ ठाऊक नाही ते शब्द गाऊ नयेत. अर्थ विचारावा, आणि एखादी रचना मनाला पटत नसेल तर ती गाणार नाही असे शांतपणे सांगावे. ज्या गटात एवढेही सांगता येत नाही, तो गट आपल्यासाठी नाही.

बुद्ध आणि गाणे यांचे वाकडे होते असेही कोणी समजू नये. दीघनिकायात सक्कपञ्ह सुत्तात पंचशिखाची कथा आहे. तो वीणा वाजवत गातो. तथागत त्याला दाद देतात ती अशी की तारांचा नाद गाण्यावर चढत नाही आणि गाणे तारांवर चढत नाही. कॉयरचा कोणताही शिक्षक पहिल्या महिन्यात हेच सांगत असतो. (आणि पंचशिखाने गायलेले ते प्रेमगीत होते, हेही सुत्तात नोंदलेले आहे.)

आता शरीराकडे येऊ. शांत बसलेला मोठा माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो. सोडायला घेण्यापेक्षा थोडा जास्त वेळ लागतो. गाताना हे बदलते. श्वास झटकन, खोल घ्यायचा आणि पुढची ओळ संपेपर्यंत, आठ-दहा सेकंद, हळूहळू सोडायचा. म्हणजे मिनिटाला सहा-सातच श्वास. यासाठी खांदे उचलून वरवरचा श्वास घेऊन चालत नाही. छाती आणि पोट यांच्यामध्ये पडद्यासारखा एक स्नायू असतो, श्वासपटल. ते खाली सरकले की फुप्फुसांना खालपर्यंत जागा मिळते आणि पोट पुढे येते. झोपलेल्या बाळाचे पोट वरखाली होताना पाहा, तोच योग्य श्वास. मोठेपणी आपण तो विसरतो. स्त्रियांना तर पोट आत घेऊन, अंग चोरून बसायची सवय लावली जाते, म्हणून त्यांना तो पुन्हा शिकायला अधिक वेळ लागतो.

श्वास लांबवून सोडला की हृदयाचे ठोके थोडे मंदावतात, कारण हृदयाला शांत करणारी मज्जातंतूची यंत्रणा उच्छ्वासाच्या वेळी अधिक काम करते. २०१३ साली स्वीडनमध्ये गोथेनबर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनी एकत्र गाणाऱ्या तरुणांच्या हृदयाचे ठोके मोजले. संथ लयीचे गाणे एकत्र गाताना त्यांच्या ठोक्यांचा चढउतार एकमेकांशी जुळू लागतो, असे त्यांना दिसले. यात चमत्कार काही नाही. सगळे एकाच वेळी श्वास घेतात, म्हणून ठोकेही एकाच वेळी वरखाली होतात. विहारात वंदना करताना आपलेही तसेच होत असणार.

जर्मनीत २००४ साली एका हौशी कॉयरवर झालेला अभ्यास प्रसिद्ध झाला. ते लोक मोझार्टचे हेच 'रेक्विएम' गात होते. गाण्याआधी आणि गाण्यानंतर त्यांची लाळ तपासली, तेव्हा जंतूंना अडवणारा एक घटक गाण्यानंतर वाढलेला आढळला. नुसते ऐकल्याने तसे झाले नाही. अशी बातमी मोबाइलवर आली की 'गाण्याने रोगप्रतिकारशक्ती वाढते' असा संदेश दहा ग्रुपवर फिरतो. थांबा. एका तालमीची ती मोजणी होती. त्यावरून गाणाऱ्याला आजार होत नाही असे म्हणता येत नाही.

दम लागणाऱ्यांसाठी मात्र थोडे अधिक ठोस काम झाले आहे. लंडनच्या इंग्लिश नॅशनल ऑपेराने डॉक्टरांच्या साथीने कोविडनंतर दम लागणाऱ्या लोकांसाठी सहा आठवड्यांचा श्वास आणि गाण्याचा वर्ग काढला, आणि २०२२ साली त्याच्या चाचणीचे निष्कर्ष आले. लोकांच्या मनाची स्थिती सुधारली, दम लागण्याची काही लक्षणेही कमी झाली. शरीराची ताकद एकदम वाढली, असे नव्हे. वर्षानुवर्षे चुलीचा धूर, बिडी किंवा बांधकामाची धूळ छातीत गेलेल्या माणसाला गाण्याने श्वासावर ताबा मिळवायला मदत होऊ शकते. पण खराब झालेले फुप्फुस गाण्याने नवे होत नाही. पंप आणि गोळ्या बंद करायच्या नाहीत.

आता आजीच्या प्रश्नाकडे. छातीला काही होणार नाही ना? आजी, गाण्यामुळे होणार नाही, पण गाण्याच्या खोलीमुळे होऊ शकते.

१० मार्च २०२० रोजी अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅजिट भागात एका हौशी कॉयरची तालीम झाली. ६१ माणसे, अडीच तास, बंद दालन. त्यांतल्या एकालाच आधीपासून सर्दीसारखी लक्षणे होती. पुढच्या काही दिवसांत ५३ जण कोविडने आजारी पडले आणि दोघे दगावले. गाताना तोंडातून बारीक तुषार जोराने आणि सतत बाहेर पडतात. शेजारी तोच श्वास खोल ओढून घेत असतो. फायद्याचा खोल श्वास इथे तोट्याचा ठरतो.

कोविडची भीती आता ओसरली आहे, पण आपल्या वस्त्यांत क्षयरोग आहेच. १९६८ साली लाउडन आणि रॉबर्ट्स या अमेरिकी संशोधकांनी नेमका गाणे आणि क्षयरोग यांचाच संबंध तपासला होता. बोलताना उडणारे तुषार बरेचसे लवकर खाली बसतात. गाताना उडणाऱ्यांचा मोठा भाग मात्र खोकल्यातल्या तुषारांसारखा अर्ध्या तासानंतरही हवेत तरंगत राहतो, असे त्यांना आढळले. तेव्हा एखाद्या गटात जाण्यापूर्वी फी किती हे विचारता, तसे तालमीच्या खोलीला खिडक्या किती हेही विचारा. समोरासमोर दोन खिडक्या किंवा खिडकी आणि दार उघडे हवे. गोल करून तोंडाला तोंड लावून बसण्यापेक्षा रांगेत, थोडे अंतर ठेवून उभे राहणे बरे. मध्ये दहा मिनिटे सुट्टी असावी आणि तेव्हा सगळ्यांनी बाहेर यावे. खोली एसीची असेल आणि खिडक्या कायमच्या बंद, तर खोकला असलेल्याने त्या दिवशी जाऊ नये.

दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणे, यांपैकी काही असेल तर तालीम बाजूला ठेवून थुंकीची तपासणी करा. महापालिकेच्या दवाखान्यात तपासणी आणि औषधे दोन्ही मोफत आहेत. उपचार सुरू झालेल्या रुग्णाला आहारासाठी निक्षय पोषण योजनेतून महिन्याला पैसे मिळतात. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम ५०० वरून १००० रुपये झाली आहे. औषधे नियमित घेतली तर बहुतेकांचा संसर्ग काही आठवड्यांत कमी होतो, पण पुन्हा गायला कधी लागायचे हे डॉक्टरांनाच विचारा.

आणि त्या माणसाची जागा राखून ठेवा. मग तो कॉयरमधला असो, भजनी मंडळातला असो की आपल्या विहारातल्या गायन पार्टीतला. आजाराची खबरदारी घेणे वेगळे आणि माणसाला दूर सारणे वेगळे. हा फरक आपल्याला कोणी शिकवायची गरज नसावी.

आता घसा. दर वर्षी १४ एप्रिलनंतर वस्तीत निम्म्या लोकांचे आवाज बसलेले असतात. डीजेच्या वर आवाज काढून घोषणा, रात्री दोनपर्यंत भीमगीते, वर बर्फाचे सरबत. घशात स्वरतंतूंच्या दोन नाजूक घड्या असतात. बोलताना त्या पुरुषांत सेकंदाला साधारण शंभर आणि स्त्रियांत दोनशे वेळा एकमेकींवर आपटतात. ओरडताना त्या जोराने घासल्या जातात आणि सुजतात. सूज दोन-चार दिवसांच्या मौनाने उतरते. कुजबुजणे म्हणजे मौन नव्हे. कुजबुजताना घसा अधिक ताणला जातो. सोण भिक्खूला तथागतांनी वीणेची उपमा दिली होती. तार फार ताणलेली नको आणि फार सैल नको. ती उपमा वीर्यासाठी, म्हणजे प्रयत्नासाठी होती, पण गळ्यालाही शब्दशः लागू पडते. कॉयरमधले गाणे या दृष्टीने गळ्याला सोपे आहे. तिथे कोणाच्या वर आवाज काढायचाच नसतो, उलट आपला आवाज शेजाऱ्याच्या आवाजात विरून जावा लागतो.

मिश्री, तंबाखू, गुटखा यांबद्दल या पानावर पुष्कळ लिहून झाले आहे. इथे एवढेच सांगतो, की आवाज तीन आठवड्यांहून जास्त घोगरा राहिला, आणि माणूस तंबाखू खाणारा किंवा ओढणारा असेल, तर हळद-दुधावर वेळ घालवू नये. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावे. गोरेगावकरांना विलेपार्ल्याचे कूपर किंवा कांदिवलीचे भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर रुग्णालय, म्हणजे आपले शताब्दी, जवळ पडते. स्वरयंत्राचा कर्करोग लवकर सापडला तर बरा होण्याची शक्यता चांगली असते, आणि त्याची पहिली खूण बहुधा आवाजच देतो.

सराव कुठे करायचा हा वस्तीतला खरा प्रश्न आहे. भिंतीला भिंत लागलेली, पलीकडे रात्रपाळी करून आलेला माणूस झोपलेला. यासाठी शीतपेयाची नळी उत्तम. अर्धा ग्लास पाणी घ्या, नळी दोन बोटे बुडेल एवढी पाण्यात धरा आणि तोंड मिटून तिच्यातून हळू 'ऊ' असा सूर सोडा. पाण्यात बुडबुडे येतील. पाण्याच्या उलट दाबामुळे स्वरतंतू एकमेकांवर जोराने आपटत नाहीत आणि गळा न ताणता मोकळा होतो. आवाज शेजारी जात नाही. आवाजाचे डॉक्टर आणि शिक्षक हाच व्यायाम देतात. दिवसातून दोन-तीन वेळा, दोन-दोन मिनिटे. ग्लास आणि नळी प्रत्येकाची वेगळी.

गटात प्रवेशाच्या वेळी आवाजाची छोटी चाचणी असते. पेटीवर किंवा पियानोवर एक स्वर वाजवतात, तो 'आ' करून म्हणायचा, मग वर-खाली सरगमसारखे जायचे. तुमचा आवाज कोणत्या चार गटांत बसतो ते त्यावरून ठरते. एखादे गाणे म्हणायला सांगितले तर खुशाल भीमगीत म्हणा. गाणे कोणते याकडे त्यांचे लक्ष नसते, सूर स्थिर आहे का हे ते ऐकत असतात. 'मला सूरच नाही' असे म्हणणाऱ्यांपैकी खरोखर सूर न ओळखू शकणारे शंभरात फार थोडे निघतात. बाकीच्यांना लहानपणी कोणीतरी 'तू गाऊ नकोस' असे सांगितलेले असते. स्टाफ नोटेशन वाचता येते का, हे आधी विचारून घ्यावे. काही गट त्याचा आग्रह धरतात. काही ठिकाणी आपल्या आवाजाची चाल मोबाइलवर रेकॉर्ड करून नेली तरी चालते. ती घरी भाजी निवडताना ऐकत राहावी.

वेळेचा हिशोब आधी करा. दक्षिण मुंबईत तालीम असेल तर गोरेगावहून चर्चगेट लोकलने सुमारे तासभर, आणि तेवढेच परत. घरातल्या सुनेने किंवा मुलीने आठवड्यातल्या दोन संध्याकाळी जायचे असेल तर त्या दिवशीचा स्वयंपाक कोण करणार, हे ती घराबाहेर पडण्यापूर्वी ठरायला हवे. नाहीतर गाण्याने उतरलेला ताण ती घरी येऊन पुन्हा डोक्यावर घेते. पौर्णिमेला अष्टशील पाळणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे की सातवे शील गायन-वादनापासून दूर राहण्याचे आहे. त्या तारखा वर्षाच्या सुरुवातीलाच गटाला कळवून टाकाव्यात.

पहिले काही दिवस एकटे वाटेल. इंग्रजी चालू असेल, कोणी आडनावही विचारेल. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१५ साली प्रौढांच्या गाण्याच्या आणि हस्तकला-लेखनाच्या वर्गांची तुलना केली. गाणारे लोक महिन्याभरातच एकमेकांच्या जवळ आले. बाकीच्यांनाही तेवढी जवळीक साधली, पण त्यांना सात महिने लागले. तेव्हा निदान महिनाभर टिकावे आणि मग ठरवावे.

जाताना एक पेन्सिल न्या. गाण्याच्या कागदावर श्वासाच्या जागी स्वल्पविरामासारखी खूण करतात. लांब ओळीत मात्र सगळ्यांनी एकाच जागी श्वास घ्यायचा नसतो. तिथे शेजाऱ्याशी आधी ठरवून घ्यावे लागते. तो या शब्दानंतर, मी पुढच्या अक्षराच्या मध्यावर. श्वास लागला की आवाज हळूच कमी करत थांबायचे, तोंड उघडे ठेवून न वाजवता श्वास घ्यायचा आणि तितक्याच हळू परत शिरायचे. तुम्ही थांबलात तेवढा वेळ शेजारी गात असतो. तो थांबेल तेव्हा तुम्ही. ऐकणाऱ्याला ओळ कुठेही तुटलेली कळत नाही.